तळघरातली भरती

हरिहरपंतांच्या पगडीला मिशा फुटल्या तेव्हा श्रावण अर्धा सरला होता. पेटाऱ्यातून पगडी काढून त्यांनी ती उजेडात धरली, आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण चुकून मांजर उचललं. करडी, मऊ, दाट बुरशी शेंड्यापासून काठापर्यंत पसरली होती. फुंकर मारली तर ती उडून त्यांच्याच नाकात गेली, आणि पंतांनी लागोपाठ इतक्या शिंका दिल्या की शेजारच्या इनासचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं, ही माझी पगडी आहे की काय आहे?"

"पावसाळा आहे हो," सुमतीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "ओल यायचीच. आणा इकडे, शेगडीवर धरते."

"पगडी शेगडीवर? भाकरी आहे का ती?"

एरवी पगडीवाचून पंतांचं काही अडलं नसतं. मीठ खात्यातून निवृत्त झाल्यापासून ती पेटाऱ्यात होती आणि पेटारा तळघरात होता. पण येत्या रविवारी तिची गरज होती. ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं उभी हयात ज्यांच्या नजरेखाली होती, त्या माजी दारोगा हरिहरपंतांनी खात्यात नव्याने लागलेल्या पोरांना चार शब्द सांगावेत असं ठरलं होतं. विषय होता नेकी. आमंत्रण द्यायला सध्याचे दारोगा सहदेवराव स्वतः आले होते. ते पंतांच्याच हाताखाली तयार झालेले. अजूनही पंतांसमोर खुर्चीच्या काठावर बसायचे.

नेकीवर बोलायला अख्ख्या ठाण्यात पंतांइतका लायक माणूस नव्हता, आणि ही गोष्ट पंतांनी कोणाला विसरू दिली नव्हती. मिठावर राणीसरकारचा कर होता. तो चुकवून चिमूटभर नेलं तरी गुन्हा. अंगरख्याला चिकटलेला कण झटकायला पंत अर्ध्या वाटेवरून मिठागरावर परत जातात, असं लोक सांगत. हे लोकांना सांगितलं कोणी, ते मात्र लोक सांगत नसत. त्यांची जीभ तर खात्यात गाजलेली. खडा तोंडात टाकला की हे मीठ कळव्याचं की कोलशेतचं ते डोळे मिटून सांगत. आता नोकरी गेली, अधिकार गेला, निम्मे दात गेले. उरलं होतं ते नाव. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पंत ते घासूनपुसून लख्ख करत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

अशा माणसाने बुरसटलेल्या पगडीत नेकीवर बोलायचं म्हणजे शोभाच. ओलीचं मूळ शोधायला पंत कंदील घेऊन तळघरात उतरले. मागून त्यांची थोरली बहीण गोदाताई उतरली. गोदाताई बालविधवा. घरातलं सगळं सोवळंओवळं तिच्या ताब्यात होतं, आणि सोवळ्याच्या बाबतीत ती पंतांहून कडक दारोगा होती.

तळघर पंतांनी हौसेने खणून घेतलं होतं. सारवलेली जमीन, भिंतीला फळ्या, फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या आणि पापडांचे डबे. पंतांनी जमिनीवर पाय ठेवला आणि तो पचकन आत गेला. जमीन घामेजली होती. भिंतीच्या बुडाशी पाण्याचे थेंब डवरले होते. गोदाताईने डबा उघडून एक पापड उचलला, तर तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबला.

"हरी, अरे हे पापड आहेत की फडकी?"

पंतांनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. जुन्या सवयीने ते जिभेकडे निघालं. तेवढ्यात गोदाताई किंचाळली.

"हरी! खबरदार जिभेला लावशील तर! ही भिंत कोणाच्या बाजूची आहे?"

भिंत इनासच्या बाजूची होती. भिंतीपलीकडे इनासचा हौद होता. आणि त्या हौदावर इनास रोज सकाळी खाडीतून आणलेली कोळंबी आणि निवट्या धुवायचा. पंतांचं बोट वाटेतच थांबलं. ते त्यांनी धोतराला पुसलं, मग धोतर बदललं, मग अंघोळ केली. ते एक बोट त्या दिवशी जिभेवर टेकलं असतं, तर पुढचं सगळं महाभारत तिथेच संपलं असतं. पण ख्रिस्ती माणसाच्या मासळीचं पाणी श्रावणात चाखणार कोण?

"राहू द्या हो," सुमतीबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या. "पाऊस सरला की आपोआप वाळेल."

"तू मध्ये बोलू नकोस. हा पाझर आहे. मी हयातभर पाण्यातच उभा राहिलोय, मला पाझर कळतो."

पंत तडक इनासच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून, उपरण्याचं टोक नाकाला लावून त्यांनी आरोप वाचून दाखवावा तसं सगळं सांगितलं. इनास त्या वेळी जाळं विणत होता. मोठा शांत माणूस. पंतांचं घर ज्या जागेवर होतं ती जागा इनासच्या बापाकडूनच घेतलेली, त्यामुळे शेजार दोन पिढ्यांचा होता.

"पंत, माजा हौद पाझरत नाय," इनास म्हणाला. "चर्चाचे सायबिणीची आन. बापाशीनं चुन्यात बांदलाय."

"मग माझ्या तळघरात काय गंगा अवतरली?"

"तसा मना काय ठाव?"

"तुझ्या मासळीच्या पाण्याने आमचं लोणचं बाटलंय, इनास. माझी बहीण दोन दिवस जेवलेली नाही." हे खोटं होतं. गोदाताई एकादशीमुळे जेवली नव्हती, आणि तेही एकच दिवस. पण रागाच्या भरात पंतांच्या तोंडून ते निघून गेलं.

गोदाताई उपाशी आहे हे ऐकून इनासचा चेहरा उतरला. लहानपणी तिने त्याला कुंपणावरून चिंचा दिल्या होत्या. तो उठला. दुसऱ्या दिवशी त्याने आणि त्याच्या भावाने पहारीने तो बापाच्या हातचा हौद फोडला, चिरे वाहून वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला नेले आणि तिथे नवा बांधला. पंत ओट्यावर बसून देखरेख करत होते. एकदा त्यांनी "चिरा सरळ लाव" असंही सांगितलं.

हौद गेला, ओल राहिली. उलट भिंतीवरचे थेंब आता ओघळायला लागले.

"आत मुरलेलं असेल," पंत म्हणाले. "ते आता वाळवून काढायचं."

"नको हो," सुमतीबाई म्हणाल्या. "जमीन तापवाल, काहीतरी भलतंच होईल. मी म्हणते, तळघरच बंद करून टाकू. आपण दोघं म्हातारी माणसं. काय करायचंय तळघर?"

पंतांनी हे ऐकलं नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या शेगड्या तळघरात नेल्या, कोळसे पेटवले, ऊब लवकर यावी म्हणून वर गोवऱ्या रचल्या आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. ऊब बाहेर गेली नाही. धूर गेला. ओल्या गोवऱ्यांचा पिवळा धूर तळघराच्या झरोक्यातून बाहेर पडला आणि चरईच्या गल्लीत उतरला.

"आग! पंतांच्या घराला आग!"

त्या काळी आग म्हटलं की माणसं कोणाचं घर ते बघत नसत. गल्लीतला प्रत्येक जण हंडा, घागर, कळशी घेऊन धावला. सगळ्यात पुढे इनास. जवळचं पाणी म्हणजे त्याचा नवा हौद, तोही नुकताच काठोकाठ भरलेला. माणसांची रांग लागली. पंत ओट्यावर उभे राहून "अहो थांबा! आग नाहीये! मी वाळवतोय!" असं ओरडत होते, पण धुरामुळे त्यांना खोकला लागला होता, आणि खोकल्यामुळे ते अधिकच आगीतून वाचलेल्या माणसासारखे दिसत होते. लोकांनी त्यांना धरून बाजूला बसवलं, वारा घातला आणि अख्खा हौद तळघरात रिकामा केला.

आता मात्र पंतांच्या तळघरात खरोखरच इनासच्या हौदाचं पाणी होतं.

ते उपसायलाही इनासच आला. दिवसभर बादल्या ओढून त्याने जमीन उघडी केली, वर कोरडी राख पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी राख भिजून चिखल झाला होता. पंत जिन्यावरून पुन्हा गरजले, "इनास, तुझं पाणी अजून येतंय!"

एवढं झाल्यावर इनासचाही धीर सुटला. तो दाणदाण पायऱ्या उतरला, भिंतीवरून तळहात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत चाटला.

"ईईऽऽ!" गोदाताई वरून म्हणाली.

"खारा हाय," इनास म्हणाला. मग त्याने पुन्हा चाटून पाहिलं. "पंत, पानी खारा हाय! माजे हौदाचा पानी गोरा. बावरीचा. हा माजा पानी नाय!"

त्याचं पाणी गोडं, विहिरीचं, हे पंतांना ठाऊक होतं. ते खाली बसले. पाणी खारं. त्यांच्या घरात मीठ म्हणजे चुलीशेजारच्या बरणीतलं, कर भरून आणलेलं तेवढंच. मग एवढं खारं पाणी येतं कुठून? पंतांच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला की तो गल्लीभर पसरल्याशिवाय राहत नसे.

"खाडी!" ते उभे राहून म्हणाले. "जमिनीखालून खाडी आलीय!"

खाडी चरईपासून चांगली मैलभर लांब. पण सांगणारा मीठ खात्यातला, खाडीचा उभ्या जन्माचा जाणकार. संध्याकाळपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणालं, रेल्वेने खाडीवर पूल बांधला तेव्हाच पाण्याची वाट बदलली. कोणी म्हणालं, आपल्या विहिरीचं पाणीही हल्ली जरा खारटच लागतं, आणि लगेच सगळ्यांना ते तसं लागायला लागलं. एकाने माजघरातली फरशी उखडून पाहिली. तिथे पाणी नव्हतं, त्यामुळे ते अजून खोल असल्याचं सिद्ध झालं. भरतीच्या वेळी पंतांच्या तळघरात ओल वाढते, हे बघायला माणसं उतरू लागली. माणसं उतरून श्वास टाकत, त्याने ती वाढायचीही. म्युनिसिपालटीत जाऊन तक्रार करावी, असं ठरलं.

पंत या सगळ्याने जरा सुखावलेच. ओट्यावर पूर्वीसारखी गर्दी होऊ लागली. इनासकडे जाऊन चार शब्द बोलावेत, हौदाबद्दल माफी मागावी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण खाडीचा बंदोबस्त आधी, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"मी तुमच्या पाया पडते," सुमतीबाई जेवायला वाढताना म्हणाल्या. "हे वाढवू नका."

"अगं, खाडी मी वाढवतोय का?"

शनिवारी सकाळी सहदेवराव आले. उद्याच्या भाषणाची वेळ पक्की करायला आले होते, पण खाडीची बातमी ऐकून सरळ तळघराशीच गेले. जमीन खणून पाण्याची धार शोधायची असं पंतांनी जाहीर केलं होतं, आणि ती बघायला अख्खी गल्ली जिन्यावर, दारात, झरोक्यापाशी दाटली होती. खणायला खारीगावचा गुणाजी आला होता. गुणाजी पूर्वी मिठागरावर होता. धोतराच्या निऱ्यांत मूठभर मीठ सापडलं म्हणून पंतांनीच त्याला कोर्टात उभं केलं होतं. मीठ नेत नव्हतो, वाफ्यात वाकून काम करताना साचलं, असं तो पुन्हापुन्हा म्हणाला होता. पंत म्हणाले होते, प्रत्येक चोर हेच म्हणतो. त्यानंतर मिठागर सुटलं ते सुटलंच, आणि आता तो पहार खांद्यावर टाकून मिळेल तिथे खणायचा. पंतांना ते आठवत होतं. त्यांनी तसं दाखवलं नाही.

"गुणाजी, मधोमध खण."

"मध्ये नको," सुमतीबाई अचानक म्हणाल्या. परपुरुषांसमोर त्या कधी बोलत नसत, त्यामुळे सगळे चपापले. "तिकडे खणा. त्या कोपऱ्यात. तिथे काही ना... तिथे ओल जास्त आहे."

"बायकांनी यात पडू नये," पंत म्हणाले. "मधोमध."

गुणाजीने पहार मारली. दुसऱ्याच घावाला खालून 'खळ्ळ' असा आवाज आला. त्याने हाताने चिखल सारला. खाली फुटलेलं मडकं होतं, आणि मडक्यात काहीतरी पांढरं, ओलं, चमचमणारं.

"धन!" झरोक्यातून कोणीतरी म्हणालं.

गुणाजीने ते चिमटीत घेतलं आणि पंतांपुढे धरलं. सगळ्या माणसांसमोर, सहदेवरावांसमोर, पंतांनी ते जिभेवर ठेवलं. जीभ उभ्या नोकरीची होती. तिने मालकाला विचारलं नाही.

"कोलशेत," पंत म्हणाले.

"वा!" सहदेवराव म्हणाले. "जीभ तशीच आहे हो, पंत!"

गुणाजीने शेजारी पहार मारली. तिथेही मडकं. सहदेवरावांनी उत्साहाने स्वतः चिमूट पुढे केली.

"कळवा."

"आणि हे?"

"पुन्हा कोलशेत. वरच्या अंगाचे वाफे." आणि इथे पंतांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत. त्यांची जीभ तोंडातच सुकली. पहारीने जिथे टोचावं तिथे मडकं होतं. मडक्याला मडकं लागून, ओळीने, नीट झाकणं लावून. पावसाळी हवेने आतलं मीठ पाझरत होतं. त्यातला प्रत्येक खडा पंतांच्या हद्दीतला होता. आणि एकाही खड्यावर कर भरलेला नव्हता, हे कळायला जीभही लागत नव्हती.

पंत वळून बायकोपाशी गेले. सुमतीबाई शेवटच्या पायरीवर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तुम्हीच म्हणालात फेकून दे," त्या अगदी हळू म्हणाल्या. पंतांना आणि फार तर जवळ उभ्या असलेल्या इनासला, गुणाजीला ऐकू गेलं असेल. "दर साली नवं मीठ निघालं की आगरी बायका पहिली ओंजळ घेऊन यायच्या. देवाला देतात तशी. तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, सरकारी मीठ घरात नको, फेकून दे. अहो, मीठ कसं फेकू? सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. परत न्यायला सांगितलं तर त्या बायका वाटेत धरल्या जायच्या, तुमच्याच शिपायांकडून. मग मी इथे ठेवत गेले. वरून सारवत गेले. दोनचार वर्षांचंच होईल असं वाटलं होतं. तुमची नोकरी इतकी लांबेल हे मला काय माहीत?"

सहदेवरावांचा चेहरा पांढरा पडला होता. खात्यात लागल्या दिवशी पंतांनीच त्यांना शिकवलं होतं, खडाही मीठ आणि गोणीही मीठ, आणि घर आपल्या बापाचं असलं तरी जप्ती ती जप्ती.

"पंत," ते चाचरत म्हणाले, "हे इथे... म्हणजे हे आलं कुठून?"

"माजे आजाचा हाय," इनास म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. इनासने एकदा सुमतीबाईंकडे बघून घेतलं आणि मोठ्याने सुरुवात केली. "ही जागा पयली आमची. आजा हितं मासली खारवायचा. बोंबील, सुरमय, सगला. त्याचीच मरकी ही. पंताना काय ठाव? त्यानी वरशी माती घेतली, घर बांदला. तलघर खनला, पन मरकी त्याचे बी खाली रायली. जुना मीठ हाय, सायेब. तवाचा कर बी आज्यानंच भरला आसंल."

इनासच्या आज्याने त्या जागेत वांग्याखेरीज काही पिकवलं नव्हतं. पण सहदेवरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की कंदिलाची ज्योत हलली. जिन्यावरून "हां, असं होय!" अशी कुजबुज झाली. पंतांचं नाव वाचलं होतं. त्यांनी फक्त मान हलवायची होती, आणि ती त्यांनी थोडीशी हलवलीही.

तेवढ्यात वरून हंबरडा फुटला.

"मासळी खारवायचे?" गोदाताई मटकन खाली बसली होती. "इथे? आमच्या लोणच्याखाली? हरी, अरे मी लहानपणापासून कांदा शिवले नाही रे! आणि एवढी वर्षं बोंबलाच्या मडक्यांवर बरण्या ठेवून जेवले! आता या वयात मी कुठे जाऊ, किती उपास करू?"

ती खरोखर रडत होती. पंतांनी बहिणीकडे पाहिलं. मग त्यांच्यासाठी धडधडीत खोटं बोलून, वर आपल्याच आज्याला मध्ये घालून उभ्या असलेल्या इनासकडे पाहिलं. त्याच्या हातांना हौद फोडताना आलेले फोड अजून ताजे होते. पंतांना आतून लाज वाटायला लागली. त्यांनी गुणाजीच्या पहारीचा आधार घेतला.

"सहदेवराव," ते म्हणाले, "इनास खोटं बोलतोय. इथे कधी मासळी खारवली नाही. हे मीठ माझं आहे. माझ्या अमलातलं आहे. चोरटं आहे. ते माझ्या घरात आलं, आणि मी ओट्यावर बसून नेकीच्या गप्पा मारत होतो. तुम्ही तुमचं काम करा."

"गप बसा ना, पंत," इनास दातांखालून पुटपुटला.

सहदेवरावांनी डोळे पुसले.

"पंत," ते म्हणाले, "केवढं हो तुमचं मन! शेजाऱ्याच्या मेलेल्या आज्यावरसुद्धा बट्टा नको, म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेताय?"

"अहो नाही! खरंच माझं आहे!"

"बहिणीला सोवळ्याचं दुःख नको म्हणून!" जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्याने "धन्य!" म्हटलं.

"मी पुरलंय," सुमतीबाई रडत म्हणाल्या. "मी. माझ्या हाताने."

"काकू, पुरे आता," सहदेवराव गहिवरून म्हणाले. "तुम्हीही यांच्यासाठी स्वतःवर घेताय. असं घर मी पाहिलं नाही."

पंतांनी शेवटची आशा म्हणून वर पाहिलं. "ताई, तू तरी ऐक. इथे मासळी नव्हती गं. तू बाटली नाहीस. हे तुझ्या भावाच्या चोरीचं मीठ आहे, शुद्ध शाकाहारी!"

"हरी," गोदाताई पदराने डोळे टिपत म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोलून नरकात जाऊ नकोस रे बाबा. मी करीन काय प्रायश्चित्त असेल ते."

पंत जितकं ओरडून सांगत होते तितकी त्यांची किंमत वाढत होती. सहदेवरावांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मीठ जुनं, बेवारशी. माती लोटून बुजवून टाका, असा त्यांनी हुकूम दिला. उद्या पंतांनी भाषणाची तसदी घेऊ नये, आज डोळ्यांनी पाहिलेलंच आपण पोरांना सांगू, असंही ते म्हणाले. मग ते गेले, आणि त्यांच्यामागे गल्ली गेली. जाताना जो तो पंतांकडे असं बघत होता की पंतांना वाटलं, याहून हातात बेड्या पडलेल्या बऱ्या. इनास गोदाताईला पाणी विचारायला वर गेला. ती त्याच्या हातचं घेणार नव्हती, तरी गेला.

तळघरात गुणाजी उरला होता. तो शांतपणे फुटक्या मडक्यांवर माती ओढत होता. पंत पायरीवर बसले. त्यांना कोणाशी तरी बोलायचंच होतं.

"गुणाजी, कोणी विश्वासच ठेवत नाही रे. मी खरं सांगतोय, आणि कोणीही विश्वास ठेवत नाही."

गुणाजीने पहार भिंतीला टेकवली. हातांची माती झटकली.

"मना खरा वाटतं, पंत," तो म्हणाला. "मी तवा खरा बोललू, तवा तुमी नाय मानला. तुमचा मी मानतंय."

एवढं बोलून तो पुन्हा माती ओढायला लागला. पंत उठले, त्यांनी धोतर वर खोचलं आणि गुणाजीच्या शेजारी बसून तेही माती ओढू लागले.